टाकीवरचे चार गुण

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे. शेतात राबून तिने मला बी.एस्सी. केले, आणि मी तिला कळवले की धुळ्याला औषधाच्या कारखान्यात लागलो. कारखाना बिअरचा होता, लहानसा.

तिथे बिअर चाखून दहापैकी गुण देणारे एक गृहस्थ होते, सगळे त्यांना भाऊ म्हणत. आधी ते गळ्यातली तुळशीची माळ खिळ्याला अडकवत, मग घोट तोंडात घोळवून बादलीत थुंकत आणि टाकीवर खडूने आकडा लिहीत. त्या खडूकडे पाहिले की मला अस्वस्थ वाटे.

एकदा माझ्या प्रयोगशाळेतल्या तपासणीत पास झालेल्या टाकीला त्यांनी चारच दिले.

मालक म्हणाले, "भाऊ, सात करा. ट्रक उभा आहे."

"खडू घ्या, तुम्हीच लिखा. मनी जीभ चारच म्हणस," भाऊ आपल्या अहिराणीत म्हणाले.

मालक पाय आपटत गेले. माळ घालता घालता भाऊंनी मला विचारले, "साहेब, तुमना घरमा माहीत शे ना, इथं काय बनस ते?"

मी तपासणीची वही चाळू लागलो, तसे ते आपल्या आईचे सांगू लागले.

"मनी मायले बठ्ठं माहीत शे. रोज इचारस, आज कितला गुण दिना रे?"

त्याच संध्याकाळी मी लिहिले:

"अक्का, हे पत्र तुला मास्तर वाचून दाखवतील, म्हणजे गावालाही कळेल. कारखाना औषधाचा नाही, बिअरचा आहे. मला किती गुण द्यायचे ते तू ठरव."