झाकलेली सुरी

गेल्या बकरी ईदला माझा अल्लाहशी अबोला होता. अब्बांना लकवा झाला होता. दौंडच्या दवाखान्यातून बाराव्या दिवशी ‘आता घरीच न्या’ म्हणून आम्हाला परत पाठवलं, आणि त्या दिवसापासून मी नमाजला उभा राहिलो नाही.

अब्बा शिरूरच्या एका छापखान्यात कामाला होते. वाया गेलेली पत्रकं ते घरी आणायचे. त्यांवरच मी वाचायला शिकलो आणि भांडायलाही. आदल्या वर्षी मी स्वतःच एक पत्रक लिहिलं: कुर्बानीचा दिखावा थांबवा, मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत पोहोचत नाही, गरिबाच्या लेकराला वह्या द्या. अब्बांनी ते छापून दिलं आणि ईदला नेहमीसारखा स्वतःच्या हाताने बोकड कापला.

त्या ईदचा बोकडही त्यांनीच वर्षभर परसात वाढवलेला. पण आता उजवा हात लुळा पडला होता. जड जिभेने ते मला म्हणाले, “तू कर.” मी नाही म्हणालो, वर कारणंही सांगितली. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. शेजारच्या हमीदचाचांना हे कळलं तेव्हा ते दारातूनच ओरडले, “काय पत्रकवाले, यंदा बोकडाला वही-पेन देणार का?”

कुर्बानी ईदच्या तिसऱ्या दिवशी सूर्य मावळेपर्यंतच करता येते. अम्मीने सांगून ठेवलेला, आज येतो, उद्या येतो म्हणणारा खाटीक तिसऱ्या दिवशी दुपार टळली तरी आला नाही. अब्बांना धाप लागली होती. अम्मी म्हणाली, “तुझं तत्त्व ठेव बाबा तुझ्यापाशी. पण त्यांचं मन असं अडकवून ठेवू नको.”

मी सुरी घेतली, पण रागानेच. बोकडाच्या पुढ्यातच बसून दगडावर धार लावायला लागलो. तो दाव्याला हिसके देत ओरडू लागला. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ परसाच्या फाटकात थांबले. डोक्यावर जाळीची टोपी, हातात पिशवी. दौंडची एसटी कुठून सुटते, हे त्यांना विचारायचं होतं. ते विचारायचं सोडून ते म्हणाले, “आरं, त्याच्या म्होरं धार लावतात व्हय? झाक ती आधी.”

“चाचा, मरायचंच आहे त्याला. झाकून काय होणार?”

“मरायचं तर आपल्याला बी हाय की. म्हनून कुनी मानसाला रोज कफन दाखवत न्हाई.”

माझा हात थांबला. चार दिवस आम्ही आणि जमलेले नातेवाईक अब्बांच्या उशाशी बसून दफनाची चर्चा करत होतो. कबर कुठे, कोणाकोणाला कळवायचं. त्यांना सगळं ऐकू येत होतं.

चाचांनी आपला रुमाल सुरीवर टाकला, बोकडाला बादलीतून पाणी पाजलं आणि मला त्याच्या मानेवरून हात फिरवायला लावला. मान उबदार होती. मला रडू आवरेना. “आता कर,” ते म्हणाले. “ज्याला काईच वाटत न्हाई, त्यानं सुरीला हात लावू न्हाई.” त्यांनी बोकड किब्ल्याकडे, म्हणजे काबाच्या दिशेला, वळवून धरला. मी अल्लाहचं नाव घेतलं.

मी हात धुऊन येईपर्यंत ते निघून गेले होते. मांसातला त्यांचा वाटा घाईने काढून मी स्टँडवर धावलो. दौंडची गाडी अजून लागलीही नव्हती, पण ते कुठेच दिसले नाहीत. मी त्याचा अर्थ लावत बसत नाही.

पत्रक मी मागे घेतलेलं नाही, दिखाव्याचा राग आजही तेवढाच आहे. पण कुर्बानीत सगळ्यात प्रिय ते द्यायचं असतं, आणि मला सगळ्यात प्रिय होतं ते माझं बरोबर असणं. माझ्याकडून तेच मागितलं गेलं, आणि ते मी हसत नाही, रडतच दिलं.

घरी येऊन मी अब्बांच्या खोलीतल्या सगळ्यांना बाहेर काढलं. “झालं, अब्बा,” म्हणालो. त्यांनी कष्टाने विचारलं, “पाणी... पाजलं?” मी ‘हो’ म्हणून मान हलवली. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि तसेच झोपले.

अब्बा अजून पाच दिवस जगले. त्या पाच दिवसांत त्या खोलीत कुणी कबरीचं नाव काढलं नाही. मी त्यांना चमच्याने पाणी पाजत राहिलो. एवढं मला करू दिलं, त्याबद्दल त्या वरच्या मालकाचे आभार.