एका कानाचे परीक्षक

बुलढाणा जिल्ह्यात कुणाला किती इंग्रजी येतं हे ठरवण्याचा अधिकार एकाच माणसाला द्यायचा झाला असता, तर तो आमच्या इंग्रजीच्या सरांनाच द्यावा लागला असता. पण त्यांनी तो कुणी देण्याची वाट न बघता केव्हाच घेऊन टाकला होता. त्यातही ऐकण्याची परीक्षा हा त्यांचा खास प्रांत. अडचण एवढीच, की सरांचा डावा कान लहानपणी गोवरात गेला तो गेलाच. उरलेल्या एका कानाच्या जोरावर त्यांनी आम्हा तीस पोरापोरींच्या साठ कानांची जबाबदारी घेतली होती आणि त्यातल्या एकालाही चार वर्षं सुखाने बसू दिलं नाही.

महाराष्ट्र तेव्हा नवा होता आणि आमचं कॉलेज त्याहून नवं. वर पत्रे, खाली शेणाने सारवलेली जमीन आणि पुढ्यात शेक्सपिअर, असा एकूण थाट. सर मूळचे धाड गावचे, शेतकऱ्याच्या घरचे. इंग्रजी बोलायला लागले की थेट बोटीतून उतरल्यासारखे वाटायचे आणि मराठी बोलायला लागले की धाडच्या बाजारातून पिशवी घेऊन आताच आल्यासारखे. एकदा पुण्याकडचे एक पाहुणे प्राध्यापक आले होते. त्यांना राहवेना. म्हणाले, "तुमचं इंग्रजी इतकं शुद्ध, मग मराठी अशी कशी?" सर शांतपणे म्हणाले, "इंग्रजी मी शिकलो साहेब. मराठी मले येतच होती."

सरांच्या आयुष्याची सगळी मांडणी त्या डाव्या कानाभोवती झालेली होती. वर्गात येताना ते कायम डाव्या भिंतीला घासून येत, म्हणजे जग आपोआप उजवीकडे पडायचं. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या डाव्या बाहीला चुना असायचा. एसटीत खिडकीच्या जागेसाठी भांडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण खिडकी कुठल्या बाजूची हे आधी विचारून मग भांडणारा माणूस हा एकच. प्राचार्यांच्या मीटिंगला मात्र ते न चुकता प्राचार्यांना डाव्या हाताला घेऊन बसत. तासभर प्रसन्न चेहऱ्याने मान डोलवत आणि बाहेर आल्यावर एखाद्याला हळूच विचारत, "काय म्हनून राह्यले होते ते?"

विद्यापीठाच्या पेपरावर त्यांचा भारी राग. गाईड पाठ करून आम्ही पास होतो हे त्यांना माहीत होतं आणि आम्हालाही ते माहीत होतं. "हे इंग्रजीची परीक्षा नाई, हे अक्षराची परीक्षा हाये," ते म्हणत. म्हणून त्यांनी स्वतःच्या दोन परीक्षा काढल्या. बुधवारी कानाची आणि शनिवारी डोळ्यांची. या परीक्षांत उत्तरं लिहायची नसत, करून दाखवायची असत. सर इंग्रजीत सांगणार आणि आपण ऐकून तसं वागायचं. छापलेलं वाचायला देणार आणि आपण त्याप्रमाणे काम उरकायचं. लिहून आणलेल्या उत्तराला त्यांच्याकडे शून्य मार्क. करून दाखवलं तर पैकीच्या पैकी. अर्धे मार्क ही गोष्टच त्यांच्या दुकानात मिळत नव्हती.

पहिल्याच बुधवारी त्यांनी एका वाक्यात सात सूचना दिल्या. बाहेर जा, तिसऱ्या लिंबाच्या झाडाशी डावीकडे वळा, कुंपणाच्या फटीतून पलीकडे जा, तिथे पहिल्यांदा जे दिसेल ते इथे आणा, वगैरे. सरांनी तिथे एक वीट ठेवली होती. पण आमचा एक वर्गमित्र पोचेपर्यंत विटेच्या अलीकडे कुणीतरी शेळी बांधली होती. तो इमानी पोरगा शेळी घेऊन वर्गात आला. तिच्या मागोमाग तिची मालकीण आली, मालकिणीच्या मागोमाग प्राचार्य आले. सरांनी तिघांकडे पाहिलं आणि शेळीवाल्या बाईंना सांगितलं, "बाई, याची काई चूक नाई. त्यानं बरोबर आयकलं." बाई म्हणाल्या, "आयकलं असंन, पन मग माही शेळी काऊन सोडली?" सरांनी आधी त्या पोराला पैकीच्या पैकी मार्क मांडले आणि मग स्वतः दावं धरून शेळी परत बांधून आले. प्राचार्य बराच वेळ काही बोलत होते, पण ते डावीकडे उभे होते.

कानाच्या परीक्षेची दुसरी पायरी धाडच्या आठवडी बाजारात व्हायची. सरांचं म्हणणं, वर्गातल्या शांततेत कुणालाही ऐकू येतं. आम्ही मिरच्या-कांद्याच्या ढिगांमध्ये उभे राहायचो. एका बाजूला बैलांच्या किमतीवरून हुज्जत, दुसऱ्या बाजूला भांडीवाल्याचा ठणाणा, आणि या सगळ्याच्या मधोमध सर मुद्दाम हळू आवाजात इंग्रजी परिच्छेद वाचणार. पहिल्या वेळी मला फक्त भांडीवाला ऐकू आला. सहा महिन्यांनी भांडीवाला ऐकू यायचा बंद झाला. माळणी आम्हाला ओळखू लागल्या होत्या. "आले बाप्पा विंग्रजीवाले," म्हणून त्या आम्हाला उभं राहायला जागा करून द्यायच्या आणि सरांच्या पिशवीत दोन वांगी जास्त टाकायच्या.

डोळ्यांच्या परीक्षेची गोष्ट आमच्या घरात घडली, म्हणून ती मला जास्त जवळची. आम्ही अमडापूरचे. घरची मिरची, वांगी, थोडी कपाशी. बाबांनी त्या वर्षी विहिरीवर बसवायला ऑईल इंजिन आणलं. इंजिनासोबत माहितीचं एक पुस्तक आलं, सगळं इंग्रजीत. मिस्त्री येतो म्हणाला आणि आलाच नाही. मी हे सहज बोलता बोलता सरांना सांगितलं आणि पुढच्या शनिवारी सर अख्खा वर्ग एसटीत घालून अमडापूरला हजर. इंजिनासमोर पुस्तक ठेवलं आणि म्हणाले, "वाचा आन् चालू करा." स्वतः बांधावर जाऊन बसले, बाबांना उजव्या हाताला घेऊन.

चार तास आम्ही त्या पुस्तकाशी झुंजलो. त्यातलं इंग्रजी शेक्सपिअरपेक्षा अवघड होतं. शेक्सपिअर कळला नाही तर हाताला तेल लागत नाही. दोनदा इंजिन नुसतं ढेकर देऊन गप्प झालं. बाबा म्हणत होते, "सर, राहू द्या, उद्या मिस्त्री येईन." सर म्हणत होते, "पेपर सुरू हाये, बोलू नका." शेवटी सुलतानपूरच्या एका मुलीच्या लक्षात आलं की आम्ही एक ओळ वगळून पुढे गेलो होतो. मागे फिरलो, ती ओळ केली आणि इंजिन जे धडधडलं ते सगळ्या शिवारात ऐकू गेलं. सर बांधावरून उठलेही नाहीत. तिथूनच ओरडले, "पानी आलं का?" मी म्हणालो, "आलं सर." "मंग पास," म्हणाले आणि वहीत तीस जणांना एकदम पैकीच्या पैकी टाकून मोकळे झाले. त्या रात्री जेवताना बाबा मला म्हणाले, "तुह्या सरात दम हाये बे." माझ्या बी.ए.ला जाण्याबद्दल त्यांनी काढलेला हा पहिला बरा शब्द.

तो शब्द मला लवकरच कामी आला. मोठ्या शहरातल्या एका संस्थेत इंग्रजीच्या शिक्षकांसाठी वर्षभराचं प्रशिक्षण होतं. प्रवेशाला परीक्षा. वरच्या दर्जाचं इंग्रजी ऐकून समजतं का आणि वाचून समजतं का, एवढंच ते बघत. ऐकण्यासाठी टेपचं यंत्र, ज्याचं आम्ही चित्रही पाहिलेलं नव्हतं. मला शिक्षक व्हायचं होतं, दुसरं काही सुचतच नव्हतं. बाबा म्हणाले, "एक डाव जाऊन ये. झालं त झालं. नाई त मिरच्या हायेतच." मिरच्यांशी माझं वैर नव्हतं, पण त्यांच्यासमोर इंग्रजी बोलून उपयोग नव्हता.

सर मला सोडायला स्टँडवर आले. गाडी लागली. मग म्हणाले, "मशीन डाव्या हाताला ठेवतेत." मला कळेना. "मी दोन खेपा गेलतो तिथं," ते म्हणाले. "नंबराप्रमानं जागा. दोन्ही खेपा मशीन डाव्या हाताला आलं. अर्धं आयकू आलं, अर्ध्याचा पेपर कोराच." मी विचारलं, "सर, मग तुम्ही जागा बदलून का नाही मागितली?" एसटीत जागेसाठी कंडक्टरशी तासभर भांडणारा हा माणूस खाली बघत म्हणाला, "परीक्षेत कसं मांगावं बे? वाटलं, म्हनतीन आयकायच्या परीक्षेले बहिरा आला." गाडी हलली तेव्हा ते खिडकीशी येऊन म्हणाले, "तुले अडचन आली त उठजो. बसून राहू नको." आपल्या सरांना लाज वाटू शकते, हे मला त्या दिवशी कळलं आणि फार वाईट वाटलं.

परीक्षेचा हॉल मोठा होता. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून भर उन्हाळ्यात सगळ्या खिडक्या बंद. यंत्र डाव्या हातालाच होतं. देखरेखीला एक करड्या चेहऱ्याच्या बाई. टेपच्या चकत्या फिरू लागल्या आणि एक साहेब आणि त्याची मडम चहा घेत बोलू लागले. माझ्या आजूबाजूची मंडळी भराभर टिपणं घेऊ लागली. मीही घेत होतो. इतक्यात टेपमधला साहेब अगदी कळवळून म्हणाला, की इथे फार कोंदलंय, कुणीतरी जरा ती खिडकी उघडता का.

मी उठलो आणि खिडकी उघडली.

आता विचार केला की अंगावर काटा येतो, पण तेव्हा मला त्यात वावगं काहीच वाटलं नाही. चार वर्षांत इंग्रजीत ऐकलेली एकही गोष्ट मी न करता सोडली नव्हती, आणि खरंच कोंदलंही होतं. खिडकीतून वारा आला आणि त्याच्यासोबत अख्खा रस्ता आत आला. टांगे, सायकलच्या घंटा, एक केळीवाला. हॉलमधली सगळी माणसं माझ्याकडे मी त्यांचं घर पेटवल्यासारखी बघू लागली. टेप मात्र चालूच होती. साहेब-मडमेचं पुढचं बोलणं त्या गलक्यात बुडून गेलं. त्यांच्यापुरतं. मला धाडच्या भांडीवाल्यापुढे हा केळीवाला काहीच वाटला नाही. मी जागेवर बसून शेवटपर्यंत ऐकलं आणि सगळी उत्तरं लिहिली.

मग गिल्ला झाला. बाईंनी खिडकी लावली, टेप सर्वांसाठी पुन्हा पहिल्यापासून लावली आणि मला पुढे बोलावलं. इंग्रजीत विचारलं, "खिडकी का उघडलीस?" मी म्हणालो, "त्यांनी सांगितलं म्हणून." बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग यंत्राकडे. माझा पेपर उचलून चाळला. त्यांचा चेहरा तसाच करडा राहिला. माझा नंबर एका कागदावर टिपून घेतला आणि जायला सांगितलं. नंबर टिपला म्हणजे नाव कापलं, हे मी धरून चाललो.

परत आल्यावर बाबांकडे न जाता मी आधी सरांकडे गेलो, त्यांच्या उजव्या कानाशी बसलो आणि सगळं सांगितलं. वाटलं होतं, कपाळावर हात मारतील. ते लक्ष देऊन ऐकत होते. सगळं संपल्यावर एवढंच विचारलं, "खिडकी उघडली?"

"हो सर."

"वारा आला का?"

"आला."

"मंग पास," सर म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले. आत स्टोव्हला पंप मारताना ते बराच वेळ एकटेच हसत असल्याचं मला ऐकू येत होतं.

महिन्याभराने पत्र आलं. निवड झाली होती. पत्राच्या खाली कुणीतरी शाईने एक ओळ वाढवली होती, की उमेदवाराने वर्गातल्या खिडक्या मात्र विचारून उघडाव्यात. बाबांनी ते पत्र इंजिनाच्या पुस्तकात ठेवलं. त्यांच्या दृष्टीने घरातली महत्त्वाची इंग्रजी कागदपत्रं एवढी दोनच होती.

पुढे मीही याच कामाला लागलो. कॉलेजातल्या पोरांचं ऐकणं आणि वाचणं तपासण्यात माझी उमर गेली. सरांच्या पद्धतीने दोनदा परीक्षा घेऊन पाहिली. दोनदा माझे प्राचार्य आले. माझ्या हॉलमध्ये एक पाटी मात्र कायम असायची, की ज्याला नीट ऐकू येत नसेल त्याने उठून जागा बदलून घ्यावी. दरवर्षी कुणीतरी एखादा भीत भीत उठायचा, आणि त्याला पुढे बसवताना मला धाडच्या माणसाची आठवण यायची.

सर निवृत्त होऊन धाडला राहिले. उजवा कानही हळूहळू गेला. मागे एकदा संस्थेतलं ते जुनं टेपचं यंत्र मोडीत निघालं तेव्हा मी ते परीक्षेच्या त्या टेपसकट मागून घेतलं आणि जीपमध्ये घालून त्यांच्याकडे नेलं. बाजाराचा दिवस होता. खोली बंद, सर खाटेवर. यंत्र बघितल्याबरोबर त्यांनी ते ओळखलं. "हेच का बे ते?" मी मान हलवली. मी ते त्यांच्या उजव्या बाजूला ठेवलं आणि टेप लावली. त्यांनी यंत्राच्या पेटीवर तळवा टेकवला, डोळे मिटले आणि आतल्या थरथरीकडे लक्ष देऊन बसले. साहेबाचं ते वाक्य आलं तेव्हा मी त्यांच्या हाताला स्पर्श केला. त्यांनी डोळे उघडले. मी तेच वाक्य आवाज न करता, नुसते ओठ हलवत, सावकाश म्हटलं.

सर काही क्षण माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग गुडघ्यांवर हात देऊन उठले, भिंत धरत खिडकीपाशी गेले आणि खिडकी उघडली. बाजाराचा सगळा गलका आत आला. तो मला ऐकू आला. त्यांचे पांढरे केस तेवढे हलले. पाठमोरेच उभे राहून ते म्हणाले, "सांग बे, किती मार्क?"

मी जवळ गेलो, त्यांचा चेहरा माझ्याकडे वळवला आणि ओठ मोठे हलवत विचारलं, "वारा आला का, सर?"

"हाव, आला."

"मंग पास."