वॉलचा ॲम्प्लिफायर आणि वच्छला

भूत, अंगात येणं, नजर, उतारा… या सगळ्याला मी तोंडावर हसणारा माणूस. चाळीस वर्षं लाउडस्पीकरचा धंदा केला. लग्नं, सप्ते, उरूस, शोकसभा. मसणवटीतही भोंगे बांधले आणि तिथंच बसून भाकर खाल्ली. कधी काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. आवाज म्हटला की त्याला वायर पाहिजे आणि करंट पाहिजे, एवढंच मला कळतं. म्हणून हे लिहायला मलाच लाज वाटते. सातवी नापास आहे. टाईप सुनेनं केलं, शब्द माझे.

गाव जानेफळ, मेहकर तालुका. माझी बायको वच्छला मागच्या फाल्गुनात गेली. कशी गेली ते आधी सांगतो, नाही तर पुढचं समजणार नाही. संध्याकाळी म्हणाली, छातीत दाटल्यासारखं होऊन राह्यलं. मी म्हणालो, गॅस असंन, ओवा चाव. तिनं चावला, झोपली. सकाळी तिला उठताच येईना. बुलढाण्याला दवाखान्यात नेलं, दोन दिवस मशीनवर होती. मी तिच्या कानाला तोंड लावून सांगितलं, चुकलं माझं, तुले ओव्यावर भागवलं. डॉक्टर म्हणाले, काका, त्यांना काही ऐकू जात नाही.

झालं. दहा महिने डोक्यात एकच किडा. तिच्या कानात गेलं का नाही?

मुलाला मी ओव्याचं सांगितलंच नव्हतं. त्याला म्हणालो होतो, सकाळी एकदम दुखायला लागलं. गजानन माझा एकुलता एक. मेहकरला शाळेत मास्तर आहे, रोज मोटारसायकलनं जाऊन येतो. त्या रात्री मात्र परीक्षेच्या कामानं तिकडंच राहिला होता, सूनही माहेरी गेलेली. त्याच्या तोंडाकडे पाहून माझी जीभ उचलली नाही.

माझी सून मीनल गिटार वाजवते. वरच्या खोलीत तिचा स्टुडिओ आहे — कॉम्प्युटर, दोन स्पीकर, भिंतींना गोधड्या ठोकलेल्या. पुण्या-मुंबईच्या लोकांना गाण्यात गिटार भरून देते. जानेवारीत तिचं एक काम अडलं. गिटार तिनं आधीच वायरीनं थेट कॉम्प्युटरमध्ये भरली होती. मध्ये माइक नाही, खोली नाही, हवा नाही. आवाज अगदी कोरडा… तारांची टिणटिण. तीच भरलेली गिटार आता ॲम्प्लिफायरमधून वाजवायची, समोर माइक ठेवायचा आणि परत भरायची. याला ती रीॲम्पिंग म्हणते. मी म्हणालो, म्हणजे शिळ्या भाकरीचा कुस्करा, वरून फोडणी. ती म्हणाली, "हो बाबा, अन् फोडणीले तुमची पेटी पाहिजे."

पेटी म्हणजे माझा वॉलचा, काचेच्या व्हॉल्व्हच्या नळ्यांचा जुना ॲम्प्लिफायर. धंदा बंद केल्यापासून माळ्यावर पडला होता. मीनलच्या लग्नाच्याही आधीपासून. मी उतरवला, धूळ झाडली, एक कंडेन्सर बदलला. वॉल लाल झाले, पेटी घुमायला लागली… इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हाताला काम मिळालं.

मागच्या खोलीत सोयाबीनची पोती आहेत. मीनल म्हणाली, तिथं आवाज घुमणार नाही, तीच खोली चांगली. पेटी, तिला जोडलेला स्पीकरचा डबा आणि वीतभर पुढं माइक, असं तिथं मांडलं. वायरी जिन्यावरून वर नेल्या. मला बजावलं, बाबा, माइक चालू आहे, काही बोलू नका, दार लावा आणि वर या.

आता चाळीस वर्षांची सवय. माइक दिसला की माझं तोंड बंद राहत नाही. वाकून दोन फुंका मारल्या अन् म्हणालो, हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, एक दोन तीन. मग जीभ चावली. दार ओढलं, बाहेरून कडी लावली, जिना चढलो. वर मीनल हसत होती. म्हणाली, राहू द्या, तेवढं कापून टाकीन. मग तिनं भरलेली गिटार पेटीत सोडली. खाली पेटी अशी गरजली की जिन्याचा कठडा थरथरला. तीच कोरडी गिटार, पण आता तिला छाती होती.

दुपारचे साडेतीन वाजले असतील. घरात आम्ही दोघंच.

वाजवून झाल्यावर तिनं भरलेलं ऐकलं. हेडफोन काढून मला अगदी सहज विचारलं, "बाबा, खोलीत कोन बाई होती?"

मी म्हणालो, कोणी नाही, पोती आहेत.

"मंग हे 'पोचला' कोन म्हणलं?"

मी म्हणालो, मले ऐकव.

मीनलला या शब्दाचं माहीत नव्हतं. गजाननलाही नीट माहीत नसेल, तो कधी कामावर सोबत आला नाही. धंद्याला मी कधी गडी ठेवला नाही. वच्छलाच सोबत यायची. मी पेटीपाशी बसून हॅलो म्हणायचो. ती मंडपाच्या शेवटच्या खांबापाशी जाऊन उभी राहायची. आवाज तिथवर नीट गेला की ती म्हणायची, पोचला. पदर तोंडाशी धरून बोलायची, त्यामुळं शब्द जरा दाबलेला यायचा. जवळच्या खांबाला पोचला, पुढच्या खांबाला पोचला. लांब गेली की नुसता हात वर. नवऱ्याचं नाव घेत नव्हती आणि माइकला तर तिनं जन्मात हात लावला नाही. लोक मला म्हणायचे, तुझ्या पेटीसारखी साफ पेटी तालुक्यात नाही. पेटी काय करते? कान तिचे होते. हे मी तिला कधी सांगितलं नाही, ते एक वेगळंच.

मीनलनं हेडफोन माझ्या कानाला लावले. माझ्या दोन फुंका. हॅलो, एक दोन तीन. दार. कडीचा आवाज. माझी पावलं लांब गेली… आणि मग, गिटार सुरू व्हायच्या आधी, माइकच्या अगदी जवळून —

पोचला.

पदरातून. रोहिणखेडच्या माहेरचा तिचा तो हेल, सुरुवातीचा 'पो' जरा ओढलेला. पस्तीस-चाळीस वर्षं ऐकलेला आवाज माणूस चुकत नाही.

मला भीती नाही वाटली. भरलेल्या धरणाच्या भिंतीवर उभं राहिलं की आपण केवढेसे आहोत ते कळतं ना, तसं झालं. मीनलनं पुन्हा लावलं, तेव्हा तिनंही ओळखला. "आई…" एवढंच म्हणाली आणि माझा हात धरून बसली.

मग आम्ही शहाणपण केलं. जुने वॉल कधी कधी रेडिओ धरतात, हे मी स्वतः पाहिलंय. कोरडी गिटार पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. त्यात काही नाही. खाली जाऊन पाहिलं, खिडकी बंद, तिच्यापुढं पोती, कडी मी लावली तशीच. शेजारची बाई शेतात गेलेली. तसंच सगळं मांडून तीनदा भरलं. हॅलो म्हणून, न म्हणता, पेटी बंद ठेवून. काही नाही. ते एकदाच.

सहाला गजानन आला. त्यालाही ऐकवलं. मला वाटलं, आता म्हणेल हा मीनलच्या कॉम्प्युटरचा खेळ आहे. पण त्यानं हेडफोन काढून हळूच मांडीवर ठेवले. अन् मला काय झालं कोण जाणे, मी त्याला ओव्याचं सांगून टाकलं. सगळं. संध्याकाळीच छातीत दाटलं होतं, मी खोटं बोललो, कानात चुकलं म्हणालो, तेही.

मला वाटलं तो उठून जाईल. तर तो म्हणाला,

"बाबा, आईनं मले बी फोन केलता त्या संध्याकाळी. मी मेहकरातच होतो. म्हणलं, ॲसिडिटी असंन, गोळी घे. अन् पेपर तपासत बसलो."

दहा महिने आम्ही बाप-लेक एका ताटात जेवलो, आणि दोघांच्या घशात एकच घास अडकलेला.

पोचला म्हणजे माफ केलं, असं नाही, हे मला कळतं. ती चांगला का वाईट कधी सांगायची नाही. आवाज कानापर्यंत आला, एवढंच सांगायची. माझ्यापुरतं तेवढं पुष्कळ झालं.

गजानन उठला. "माइक चालू हाये का?"

मी म्हणालो, हाव.

तो खाली गेला आणि आतून दार लावून घेतलं. मी मीनलला म्हणालो, पोरी, रेकॉर्डिंग बंद कर. तिनं लगेच केलं. आम्ही दोघं जिन्यावर बसलो. आतून बारीक बोलणं येत होतं, शब्द कळत नव्हते. आम्ही कान दिलाही नाही. बऱ्याच वेळानं तो बाहेर आला, नळावर तोंड धुतलं.

काय बोलला, उत्तर आलं का, हे मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. त्या दिवशी जेवताना तो मात्र भाकर मागून मागून जेवला. आई गेल्यापासून असा जेवला नव्हता. मीनलला पुन्हा तवा ठेवावा लागला. त्याचा अर्थ मला लावता येत नाही, आणि बंद खोलीतल्या माइकमध्ये जे आलं त्याचा तर नाहीच नाही.