सव्वा महिन्याचा साबण

रनाळ्याच्या छबूबाईला एका जागी बसवत नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. चहाला उकळी येईपर्यंत तिच्या अंगणात दोन चकरा होतात. आणि अशा बाईनं हौसेनं धरलं काय, तर घरी साबण करणं. तेल तापवा, कॉस्टिक सोड्याचं पाणी ओता, घोटा, आणि वड्या पाडून सव्वा महिना नुसती वाट बघा.

लेक जागृती बाळंतपणाला आली तेव्हाच ठरलं होतं. बाळ होईल त्या दिवशी साबण घोटायचा, म्हणजे सव्वा महिन्याच्या अंघोळीला बाळंतीण आणि वडी एकदमच तयार. तीन वर्षांपूर्वीही तिनं असंच केलं होतं. पण जागृतीचा तो पहिला मुलगा अकराव्या दिवशी गेला. त्या सहा वड्या तिनं पेटीत साड्यांखाली सारल्या, आणि पुन्हा कुणी त्यांचं नाव काढलं नाही.

यंदा पौषात मुलगी झाली. त्याच दुपारी छबूबाईनं मोहाच्या बियांचं तेल चुलीवर ठेवलं. थंडीत ते तुपासारखं थिजतं. तळोद्याच्या बाजारात तेल देताना पाड्यावरच्या तुळशीबाईनं बजावलं होतं, "आख्खं पातळ होऊ दे, मंग सोडा टाक. घाई नको करू, माय." पण घाई केली नाही तर ती छबूबाई कसली. तेल जेमतेम कोमट झालं आणि तिनं सोड्याचं पाणी ओतलं. दहा मिनिटांत घट्ट झालं, म्हणून बाई खूश. खरं तर तेलच थिजलं होतं, साबण झालाच नव्हता. सकाळी साच्याच्या खोक्यात वर थिजलेलं तेल, खाली पाणी.

"मन्हा हाते अपशकून व्हयना," ती पुटपुटली. आपल्याच हातून अपशकुन झाला, असं तिनं मनाशी धरलं. मग सव्वा महिना तिनं कसा काढला, तिचं तिलाच माहीत. भाकरी तव्यावर टाकून पाळण्याशी धावायची, बाळाच्या नाकापुढे बोट धरायची. कितीतरी भाकऱ्या करपल्या.

अंघोळीच्या सकाळी ती दुकानातला साबण घेऊन न्हाणीत आली, तर जागृतीच्या हातात साडी शोधताना सापडलेली, पहिल्या बाळासाठीची जुनी वडी. तीन वर्षं मुरून टणक झालेली.

"माय, हाऊ साबण कसाले लपाडी ठेवा?"

छबूबाईनं दुकानातला साबण पदराआड केला.

"हाऊ भाऊना शे," जागृती बाळाकडे बघत म्हणाली. "आते बहीणले लावूत."

छबूबाई पाटावर बसली, पाय लांब केले आणि नातीला पायांवर घेतलं. पाणी निवेपर्यंत ती उठली नाही.