पाणी आणि ओल

कल्याणी मूळची यवतमाळची. एम.एस्सी. झाली त्या वर्षी जो तो सॉफ्टवेअरकडे धावत होता. तिच्या वर्गातले निम्मे जण कंपनीत लागून धायरीकडे फ्लॅट बघू लागले. हिने मात्र कसबा पेठेत सीताराम तबलेवाल्यांच्या दुकानावरची खोली घेतली आणि पीएच.डी.ला कोलॅजन.

कोलॅजन म्हणजे कातडीतलं, हाडांतलं प्रथिन. तीन साखळ्या एकमेकींत गुंफलेल्या, वेणीसारख्या. त्यांच्याभोवती पाण्याचे रेणू कसे वागतात ते संगणकावर घडवून पाहायचं, हे तिचं काम. पण तिच्या संगणकातली वेणी दर वेळी टोकाकडून उसवत जायची. विभागातल्या मोठ्या संगणकावर नंबर लावावा लागे. सरांनी सांगून टाकलं, "उद्याचा नंबर शेवटचा. त्यातही सुटली तर विषय बदलू." म्हणजे दोन वर्षं पाण्यात.

संध्याकाळी ती दुकानात टेकली. सीतारामकाका तबल्याच्या तोंडावरच्या पुडीसाठी चामडं ताणत होते.

"काय, सुटली का वेणी?"

"सुटली."

"कमाल आहे. आमची नात राधा शाळेत दिवसभर हुंदडते, तिची टिकते."

कल्याणीने चामड्याला बोट लावलं. "काका, हे ओलंच आहे की. पाणी काढलं नाही?"

"पाणी काढलं. ओल ठेवली."

"म्हणजे तेच ना?"

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "एवढं शिकलात, तरी पाणी आणि ओल एकच? पाणी वरचं, ते पुसायचं. ओल त्याच्या अंगातली. ती घालवून ओढा, टर्रकन फाटतं. मग वरून बादली ओता नाहीतर मुठा नदी."

ती हसत जिना चढू लागली आणि मध्येच थबकली. प्रयोगातून आलेल्या मूळ फाइलमध्ये शेवटी काही ओळी होत्या, वेणीला आतून बिलगलेल्या पाण्याच्या. आपण नाहीतरी हजारो रेणू ओतणार, मग ही अडगळ कशाला, म्हणून तिने त्या नीट झाडून काढल्या होत्या. दर वेळी, न चुकता.

दुसऱ्या दिवशी तिने त्या ओळी परत घातल्या. फाइलला इंग्रजी अक्षरांत नाव दिलं 'ओल', आणि काम सुरू केलं.

चौथ्या दिवशी सर तिच्या मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर वेणी डुलत होती, पीळ खात होती, मध्येच अंग चोरत होती. पण तिन्ही पेड जागच्या जागी होते. सरांनी फाइलचं नाव वाचलं.

"ओ-एल? ओल्ड? जुनीच फाइल चालवलीस की काय?"

"नाही सर. ओल."

सरांनी तो शब्द एकदा पुटपुटून पाहिला. खिशातून पेन काढून भिंतीवरच्या नंबरांच्या तक्त्यात पुढचे दोन आठवडे तिच्या नावावर टाकले.

"आता जरा लांब वेणी घाल," ते म्हणाले.