साहेबांच्या हातचा झेंडा

चोपड्याचा प्रेमराज विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतो. जळालेली मोटार उघडायची, काळी पडलेली तार उपसायची आणि नवी भरायची, हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. जीव मात्र सगळा मोटारसायकलच्या शर्यतीत. मातीच्या ट्रॅकवर उड्या मारायच्या, वळणावर एक पाय जमिनीला घासत गाडी काढायची, या वेडापायी त्याने मनगट मोडून घेतलं, तो दोनदा दुसरा आला आणि त्याने चाळिशी ओलांडली. आता गुडघाही कुरकुरायला लागला होता. "हा हंगाम शेवटचा," असं त्याने बायकोला, दिपमालाला, कबूल केलं होतं. खान्देशचं अजिंक्यपद एकदा तरी घ्यायचं आणि मग गाडी विकून टाकायची.

हंगामाची शेवटची शर्यत धुळ्याला होती. प्रेमराज आणि धुळ्याचा नवीन नावाचा पोरगा यांचे गुण सारखे. दोघांत जो पुढे येईल तो विजेता. सकाळीच टँकरने पाणी मारलेलं, माती कशी छान बसली होती. पण प्रमुख पाहुणे, आमदारसाहेब, यायचे होते ना! साहेब आल्याशिवाय शर्यत कशी सुरू होणार? सकाळची दुपार झाली, मातीचं पीठ झालं, जाड कपड्यांत रायडर उकडून निघाले आणि निवेदक "थोड्याच वेळात आगमन" म्हणून घसा फोडत राहिला. शेवटी साहेबांच्या गाड्या आल्या त्या थेट ट्रॅकवरूनच. मग हार, मग नारळ, मग भाषणं. बघणाऱ्याला शिसारी यावी इतके हार त्या एकाच गळ्यात पडले. आणि सगळ्यावर कडी म्हणजे, शर्यत संपवायचा चौकड्यांचा झेंडाही साहेबांच्याच हातात दिला. मान म्हणून! दर शर्यतीला तो झेंडा दाखवणारा अभिमन शेजारी हात बांधून उभा राहिला.

शर्यत सुरू झाली तेव्हा प्रेमराजने घाई केली नाही. नवीन म्हणजे तरणा गडी, सुसाट सुटायचा. पण दमला की पाण्याच्या टाकीजवळच्या शेवटच्या वळणावर त्याची गाडी बाहेर जायची. प्रेमराजने हे हंगामभर पाहून ठेवलं होतं. म्हणून तो त्याची धूळ खात मागेच राहिला. शेवटच्या फेरीत तिथेच आतून घुसायचं, असा बेत. एक फेरी बाकी असताना त्या वळणावर नवीनची गाडी हातभर बाहेर सरकली आणि प्रेमराज हेल्मेटच्या आत हसला. पुढच्या खेपेला सोडत नाही, तो मनात म्हणाला. दोघे रेषेकडे आले तर समोर चौकड्यांचा झेंडा फडकत होता.

शर्यत एक फेरी आधीच संपली होती. नवीन पुढे होता.

दिपमालाने कुंपणापासून सगळं पाहिलं होतं. "तो फोटोवाला बोलना, साहेब, झेंडा जरा वर करा, फोटो भारी येई. आनि त्यासनी फडकाडी दिधा!" ती म्हणाली. "अभिमनभाऊनी हात पुढे कया आनि तसाच मांगे लई लिधा."

साहेबांचा हात धरणार कोण?

प्रेमराज तडक अभिमनकडे गेला. "भाऊ, एक फेरी बाकी व्हती ना?"

अभिमन स्वतःच्या चपलांकडे बघत राहिला. "साहेबनी झेंडा दाखाडा ना, मंग सरनी शर्यत."

नवीन तर हेल्मेटही न काढता गाडी ढकलत लांब निघून गेला. समितीचे अध्यक्ष शालिग्रामनाना प्रेमराजला मंडपामागे घेऊन गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून गोड बोलायला लागले. "समजून घे रे. साहेबांनी पक्क्या ट्रॅकचा शब्द दिलाय. आता काय, तुम्ही चुकलात म्हणून सांगायचं त्यांना? तुलाही रिकाम्या हाताने पाठवत नाही. खिलाडूवृत्तीचा विशेष पुरस्कार ठेवलाय. साहेबांच्याच हस्ते."

हे असले पुरस्कार क्षणात जन्माला घालणारी ही माणसं! नानांचा हात झटकून चालू लागावं, असं त्याला वाटलं. पण मंचावर माइक होता. "घेतो," तो म्हणाला, आणि बाहेर येऊन दिपमालाला सांगितलं, "बठ्ठा लोकसना समोर माइकवर बोलसू. एक फेरी बाकी व्हती, इतलंच."

"बोलाच," ती म्हणाली.

नाव पुकारलं. तेच एक वाक्य ओठांवर घेऊन प्रेमराज मंचावर चढला. माइक हाताच्या अंतरावर होता. साहेब हसत, शाल उलगडत पुढे आले. आणि प्रेमराजची पाठ वाकली. लहानपणापासून प्रत्येक मोठ्या माणसापुढे वाकत आली होती, तशीच वाकली. त्याला विचारायलाही थांबली नाही. हात साहेबांच्या पांढऱ्याशुभ्र बुटांना लागला आणि तिथून कपाळाला. कॅमेरे खटाखट वाजले. तो सरळ होईपर्यंत खांद्यावर शाल पडली होती, हातात नारळ आला होता आणि निवेदक पुढचं नाव वाचत होता. लोकांनी टाळ्याही वाजवल्या.

तो खाली उतरला. त्याने पुढे केलेल्या शालीला दिपमालाने हातसुद्धा लावला नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावचा सुकदेव जळालेली मोटार घेऊन दुकानात आला. मोटार बाजूला ठेवून त्याने आधी मोबाइल प्रेमराजच्या नाकासमोर धरला. फोटोत प्रेमराज वाकलेला आणि साहेबांचा हात त्याच्या डोक्यावर.

"भाग्यवान शे भाऊ तू!" सुकदेव म्हणाला, आणि जवळ सरकून आवाज खाली केला. "आते तू साहेबना मानूस. मनं एक काम शे त्यासनाकडे. शब्द टाकशी का?"

प्रेमराज उठला, दुकानामागच्या गटारीपाशी गेला आणि भडभडून ओकला.