बाहेरून लावलेली कडी

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आमच्या वस्तीवरच्या बायका म्हणतात. खरं आहे ते. कुणाच्या घरी कशाचं कालवण झालं इथपासून मला सगळं बोलून टाकायला लागतं. पण ही एक गोष्ट — चार वर्षं झाली — मी आईला सांगितली नाही, बहिणीला नाही, देवालासुद्धा नाही. देवापुढं हात जोडले की मी घाईघाईनं भलतंच काहीतरी मागते आणि उठते. आज तुम्हाला सांगतेय. का, ते विचारू नका. मलाच ठाऊक नाही.

तर — आमच्या आत्या. म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. कोल्हारच्या अलीकडं, प्रवरेच्या अंगाला आमची वस्ती. स्लॅबचं चार खोल्यांचं घर आणि तिन्ही बाजूंनी ऊस. त्या वर्षी दिवाळी झाली आणि आठच दिवसांत आत्यांना लकवा मारला. सकाळी चहाचं भांडं उतरवायला हात पुढं केला आणि तो हात वाटेतच गळून पडला. उजवा हात, उजवा पाय, बोलणं — सगळं एका झटक्यात गेलं. नगरच्या दवाखान्यात पंधरा दिवस काढून आम्ही त्यांना घरी आणलं, मधल्या खोलीत कॉट टाकली.

व्यायाम शिकवायला एक मॅडम आठवडाभर घरी येत होत्या. तरुण पोरगी, पण काम चोख. तळहात उघडायचा, एकेक बोट सरळ करायचं, कणकेचा गोळा मुठीत दाबायला लावायचा, पाय गुडघ्यात वाकवायचा. प्रत्येक गोष्ट वीस वेळा, मोठ्यानं मोजत, सकाळ-संध्याकाळ. जाताना त्या मला म्हणाल्या, "ताई, पहिले तीन महिने सोन्याचे. आत्ता केलं तर आजी उठतील. हे दिवस गेले की काही गोष्टी परत येत नाहीत. आता सगळं तुमच्या हातात आहे." हे मी नीट ऐकलं होतं. मला कळलं नव्हतं, असं मला म्हणता येणार नाही.

बारा-तेरा दिवस मी इमानेइतबारे केलं. आणि मग एके सकाळी, मी त्यांची बोटं सरळ करत होते — दहा झाली असतील, अकरा — आणि त्यांच्या बोटांनी माझं बोट धरलं. हलकंच. तान्ह्या लेकरानं धरावं तेवढंच. मी वर बघितलं. आत्या माझ्याकडंच बघत होत्या. डोळ्यांत पाणी. हसायला बघत होत्या आणि तोंड एका बाजूला ओढलं जात होतं.

सांगते. थांबा जरा.

मी माझं बोट सोडवून घेतलं. त्यांचा हात गादीवर ठेवला. वरून गोधडी घातली. आणि संध्याकाळी आमच्या ह्यांनी कारखान्याच्या पाळीवरून येऊन विचारलं, "काय गं, काही फरक हाय का आईला?" तेव्हा मी भाजी चिरता चिरता, मानसुद्धा वर न करता म्हटलं, "न्हाई ओ. कशाचा फरक?"

त्या दिवसापासून मी व्यायाम बंद केले.

तुम्ही म्हणाल, सासूनं छळलं असेल. नाही हो! तेवढीसुद्धा सोय नाही मला. जिभेनं तिखट होत्या, सतरा वर्षं स्वयंपाकघर त्यांचंच होतं, चहात पत्ती किती टाकायची तेसुद्धा त्याच सांगायच्या — एवढंच. कुठल्या घरात नसतं हे? माझ्या बाळंतपणात सव्वा महिना मला गार पाण्यात हात घालू दिला नव्हता त्यांनी. सख्ख्या आईनं केलं नसतं एवढं केलं. पण त्या कॉटवर पडल्या आणि घर एकदम माझं झालं. शेजारणी मला विचारून साखर न्यायला लागल्या. हे मला विचारून बाहेर जायला लागले. डबे माझ्या मनासारखे लागले. आणि ते मला गोड लागलं — इतकं गोड, की ती बोटं हलली तेव्हा मला आनंद झाला नाही, भीती वाटली. आता ह्या उठणार. असल्या कारणासाठी कुणी एवढं करतं का? मी केलं.

बाकी कशात कमी पडू दिलं नाही हं. न्हाऊ घालणं, वेणी घालणं, चारणं, कुशी बदलणं — लोकांना दिसेल ते सगळं केलं. बघायला येणाऱ्या बायका चादरीवर हात फिरवून बघायच्या आणि म्हणायच्या, "सून असावी तर अशी."

रोज अकराला मी गाईंना घास कापायला रानात जायची, दोनला परत. त्या हंगामात उसात बिबट्या लागला होता. कुत्री गेली, एक वासरू गेलं. म्हणून जाताना मी दाराला बाहेरून कडी घालायची. मागचं दार आतून बंद, खिडक्यांना जाळी. आत एकट्या आत्या, ज्यांना कूससुद्धा बदलता येत नव्हती.

आणि पौष लागला तेव्हा एका दुपारी मी परत आले, कडी काढली, भाकरी टाकायला ज्वारीच्या पिठाचा डबा उघडला — आणि पिठात हात उमटलेला होता.

पीठ काढलं की वरून तळहातानं सपाट करून झाकण लावायची मला सवय आहे. सकाळी मी तसंच केलं होतं. आणि आता त्या सपाट पिठात पाच बोटं खोल रुतलेली. बोटं सरळ नव्हती. वाकडी. काहीतरी आवळून धरायला बघणारी. मधल्या खोलीत गेले तर आत्या जशाच्या तशा, छताकडं बघत पडलेल्या. कपाळावर मात्र घाम होता. एवढ्या थंडीत घाम कसा, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चोराच्या मनात चांदणं! मला दुसरंच आठवलं.

आदल्या माघात आमचे मामा, म्हणजे सासरे, त्याच मधल्या खोलीत गेले होते. आमच्यात माणूस जिथं जातो तिथं पीठ पसरून ठेवतात, वर पाटी उपडी घालतात आणि सकाळी बघतात — कसली पावलं उमटली, माणूस कुठल्या जन्माला गेला. मामांच्या वेळी पाटी उचलली तर पीठ तसंच, कोरं. आत्या तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "ते गेलंच न्हाईत. हितंच हायेत अजून." मला तेव्हा हसू आलं होतं. आता ते पीठ बघून माझी बोबडी वळली. मामा आले. त्यांच्या बायकोचं मी काय चालवलंय, ते बघायला आले.

मग रोज काहीतरी. पाण्याचा तांब्या जागचा हललेला. फरशीवर ओली रेघ, काहीतरी फरफटत गेल्यासारखी — कॉटपासून ओट्यापर्यंत आणि परत. पिठात बोटं तर रोजच. आणि एक सांगू? ती बोटं दिवसेंदिवस सरळ होत चालली होती. माझी झोप उडाली. मामांच्या फोटोला मी दुपारचा नैवेद्य दाखवायला लागले. लिंबू उतरवला — आणि तो कुणावरून? आत्यांवरूनच! त्या निमूट पडून होत्या, डोळे तेवढे लिंबासोबत गरागरा फिरत होते. एवढी घाबरले, तरी व्यायाम मात्र सुरू केले नाहीत. काय म्हणावं अशा बाईला?

मग तो दिवस. रानात गेले आणि बघते तर विळाच विसरलेला. अर्ध्या तासात माघारी फिरले. विळा घराच्या मागच्या अंगाला खोचलेला असायचा, म्हणून पुढं न जाता मागनंच आले. स्वयंपाकघराच्या जाळीच्या खिडकीशी पोचले आणि आतून आवाज आला. घोगरा, जड, माणसाचा वाटेना. एक शब्द, मग बराच वेळ धाप, मग दुसरा शब्द. मी जाळीला डोळा लावला.

आत्या ओट्याला धरून उभ्या होत्या. पदर कमरेला खोचलेला. डाव्या हातानं ओट्याची कड गच्च पकडलेली, उजवा हात पिठाच्या डब्यात मनगटापर्यंत, आणि त्या पीठ मुठीत आवळत होत्या, सोडत होत्या. आणि मोजत होत्या. "आ... ठ." धाप. "न... ऊ." मॅडमनी शिकवल्याप्रमाणं, मोठ्यानं. अंग घामानं निथळत होतं, पाय लटलट कापत होता.

अकरा मोजताना त्यांना मी दिसले.

त्यांनी हात पिठातून बाहेर काढला, पदरानं पुसला. डाव्या तळहातानं, आज पहिल्यांदाच, पीठ सपाट केलं — अगदी मी करते तसं — आणि झाकण लावलं. मग भिंत धरत, पाय ओढत मधल्या खोलीकडं गेल्या. कॉट करकरली.

मी त्याच क्षणी पुढच्या दारानं आत जायला हवं होतं ना? मिठी मारायला हवी होती, सगळ्या वस्तीला ओरडून सांगायला हवं होतं. मी विळा उचलला आणि रानात गेले. दोन वाजेपर्यंत घास कापला. दोनला येऊन कडी काढली, तर आत्या गोधडी ओढून छताकडं बघत पडलेल्या. मी त्यांना वरण-भात कालवून चारला. त्यांनी तोंड उघडलं. संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "काही फरक?" आणि मी — आत्यांच्या उशाशी उभी राहून, त्यांना ऐकू जाईल अशी — म्हणाले, "न्हाई." आत्यांनी डोळे मिटून घेतले.

मग कळलं मला. उशिरा कळलं, पण कळलं. त्या लपून का करत होत्या? पोरापुढं बोट हलवून का दाखवत नव्हत्या? त्या दिवशी मी माझं बोट सोडवून घेतलं ना, तेव्हाच त्यांनी मला ओळखलं होतं. आपण बऱ्या होतोय हे हिला कळलं तर ही काय करील, याचा भरवसा त्यांना वाटत नव्हता. उसातल्या जनावराला भिऊन मी बाहेरून कडी घालत होते आणि आत माझ्या सासूला माझी भीती वाटत होती. कडी वाजून माझी पावलं लांब गेली की तेवढे तीन तास त्यांचे. त्या तीन तासांत ती पासष्टीची बाई एकटी, पडत-धडपडत, स्वतःला जमवत होती.

अजून तीन आठवडे हे असंच चाललं. मला ठाऊक, त्यांना ठाऊक. दोघी एका छताखाली, एक अक्षर नाही.

माघात मामांचं वर्षश्राद्ध आलं. घर भावकीनं भरलेलं. पानं वाढली होती, ह्यांनी नैवेद्य उचलला होता. तेवढ्यात मधल्या खोलीतून आत्या चालत आल्या. भिंत धरून, एकट्या. उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि सगळ्यांकडं एकेक करून बघितलं. साक्षीदारांना बघावं तसं. चाळीस माणसांसमोर उभं राहिल्यावर आता त्यांना परत कुणी झोपवू शकणार नव्हतं.

काय गलका झाला म्हणून सांगू! हे लहान पोरासारखे रडले. आणि रडता रडता सगळ्यांदेखत माझे हात धरून म्हणाले, "हिनं केलं बरं का हे. दिवसरात एक केला हिनं." आणि मी? मी पदर डोळ्याला लावला.

पुढं गावात बायकांचा मेळावा झाला, तिथं माझा सत्कार झाला. शाल, नारळ, एक चकचकीत ढाल. कुणीतरी माईक आत्यांपुढं धरला. आता त्यांचं बोलणं बरंच सुटलं होतं. त्या माझ्याकडं बघत म्हणाल्या, "हिच्यामुळंच उठले मी." टाळ्यांचा कडकडाट झाला. मी पाया पडले. त्यांनी पाय मागं घेतले, पण ते फक्त मला कळलं.

मॅडम मध्ये एकदा तपासायला आल्या. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं मिटलेलीच राहिलीत. त्या म्हणाल्या, "हे वेळेत झालं असतं. थोडक्यात राहिलं." मी चहा टाकायला आत गेले. आत्यांनी त्यांना काही सांगितलं नाही. पोरालाही आजवर नाही. का नाही, ते मी कधी विचारलं नाही, आणि विचारायचं तोंड मला नाही.

आता त्या आपलं सगळं आपण करतात. घरात माणसं असली की माझ्याशी बोलतात, भाजीत मीठ कमी म्हणून रागावतातसुद्धा. पण दुपारी आम्ही दोघीच असलो की भिंतीला पाठ लावून बसतात, तोंड माझ्याकडं करून. डुलकी घेत नाहीत. मी पाणी घेऊन गेले की म्हणतात, "ठिव तिथं." मी तांब्या ठेवते, बाहेर पायरीवर येऊन बसते. मग आतून पाणी पिण्याचा आवाज येतो.